हिरूदीने उंबरठ्याला हात लावला तेव्हा

हातीबागानच्या आमच्या गल्लीत कुणाकडे कोणता मासा शिजतोय हे मी गॅलरीतून नाक वर करून सांगतो. म्हणूनच त्या रविवारी हिरूदीला व्याह्यांहून जास्त धास्ती माझी होती.

"बादल, तोंडाला कुलूप घाल," सकाळपासून तिसऱ्यांदा तिने बजावलं. "पोरीचा संसार तुझ्या जिभेवर आहे."

हिरूदी म्हणजे आमची शेजारीण हिरण्मयी शील. सीमेपलीकडच्या बारिसालहून आईचा पदर धरून आली तेव्हा सहा वर्षांची. पंधराव्या वर्षी रूपश्री थिएटरच्या कपडेपटात पोशाखांवर टिकल्या शिवायला लागली. एकदा नाचणारीचा पाय मुरगळला आणि तो पिसांचा पोशाख हिच्याशिवाय कुणाला बसेना. पडदा उघडला तेव्हा दात वाजत होते, असं तीच सांगते. पुढे एकोणीस वर्षं पोस्टरवर तिच्या 'मिस जेनी' या नावाची अक्षरं नाटकाच्या नावाहून मोठी लागली. भले भले लोक मफलरमध्ये तोंड लपवून तिचा कॅब्रे बघायला यायचे. माझे मामा त्यांतले; मामीला अजून पत्ता नाही. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती जात्रेच्या फिरत्या नाटकांत खाष्ट सासवा करू लागली. तिच्या नाचावर शिकलेल्या भावाने स्वतःच्या लग्नात तिला बोलावलं नव्हतं. तो आणि भावजय गेल्यावर त्यांची चार वर्षांची तुलिका मात्र हिच्याच दारात आली.

आता तुलिकाला नदीपलीकडच्या श्रीरामपूरचं स्थळ आलं होतं. मुलाला सगळं ठाऊक, घरच्यांना काही नाही. घरात शब्द चालायचा तो त्याच्या मोठ्या काकांचा, निबारणबाबूंचा, आणि ते नाटकाचं नाव काढलं तरी ताटावरून उठतात अशी ख्याती. हिरूदीने ठरवलं, समोर यायचंच नाही. ताप आलाय म्हणायचं आणि माझ्या बायकोपाशी स्वयंपाकघरात बसायचं; मुलीचा काका म्हणून पुढे बसायचं मी. भिंतीवरचा आपला नाचाच्या पोशाखातला जुना फोटो तिने उतरवला तर मागे पांढरा चौकोन राहिला. त्यावर कालीमातेचं कॅलेंडर टांगलं, ते चौकोनाहून लहान निघालं. चारदा तरी तिने ते सरकवून पाहिलं.

पाहुणे आले, चॉप संपले, संदेशाची मिठाई संपली. मी थंडीवर बोलत होतो, जिभेला मुंग्या येत होत्या. मग आशीर्वादासाठी धान-दूर्वांचं ताट पुढे आलं आणि निबारणबाबूंनी हात आखडला. जिने वाढवली तिचा हात आधी, ताप असला तरी बोलवा, नाहीतर आम्ही माघात येऊ, म्हणाले. पौष तोंडावर आला होता, आणि पौषात शुभकार्य नाही. तोवर कुणी ना कुणी त्यांच्या कानात फुंकणारच. मलाच आठ जणांची नावं तोंडपाठ होती.

मी तिला आणायला गेलो. मुठी आवळून बसली होती. उठली, पदर कपाळापर्यंत ओढला, आपल्याच घराच्या दाराशी आली, वाकली, उंबरठ्याला बोटं लावून कपाळाला लावली. मग तिचं तिलाच कळलं आणि ती तिथेच थिजली. रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी एकोणीस वर्षं रोज केलेला नमस्कार. भीती वाटली की हात आपसूक खाली जायचा.

निबारणबाबूंचा कप ओठाशी थांबला.

"कोणतं थिएटर?"

बाई देवभोळी आहे, असं काहीतरी ठोकून द्यायला मी तोंड उघडलं. हिरूदीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"रूपश्री," ती म्हणाली. "मी मिस जेनी. उठायचं तर उठा. पोरीला नावं ठेवू नका."

मुलाच्या आईने पर्स जवळ ओढली. तुलिकाने मान खाली ठेवूनच आत्याचा पदर मुठीत धरला. निबारणबाबूंनी कप बशीत ठेवला, तो जरा खडखडला.

"धान घ्या हातात," ते म्हणाले. "मुलगी ताटकळलीय."

हिरूदीने मूठभर धान उचललं, पण निम्मं तुलिकाच्या मांडीवरच सांडलं.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. तो नमस्कार विंगेतल्या अंधारात होतो. प्रेक्षकाला तो कधी दिसत नाही. पाहुणे निघाल्यावर जिन्यात मी हळूच विचारलं तर निबारणबाबूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"रूपश्रीत सात वर्षं पडदा ओढलाय. घरी विमा कंपनी सांगितलीय."

ते गेल्या माघात वारले. तोवर मी ती गोष्ट कशीबशी पोटात ठेवली आणि परवा हिरूदीला सांगून मोकळा झालो.

"तो निबारण?" ती म्हणाली. "मेला पडदा नेहमी उशिरा पाडायचा."