मीटरचा उजेड

बाबांनी ती गाडी घेतली तेव्हा मी सातवीत होते. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विकायला काढलेली, तेव्हाच वीसेक वर्षांची जुनी. गिअरचा दांडा स्टीअरिंगला, पुढं बाकासारखं एकसलग सीट, आणि समोर तीन गोल मीटर. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे शेजाऱ्यांच्या सायकली उचलून कडेला ठेवाव्या लागत. बाबा सरकारी खात्यात ओव्हरसिअर होते. ऑफिसात त्यांच्यावर साहेब होते, घरात त्यांच्यावर कुणी नव्हतं. गाडीत तर नाहीच नाही.

गाडीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं. दादानं उतरून मागं बघायचं, मी काचा पुसायच्या, आणि पुढं बसलेल्या आईनं काटा बघायचा. इंजिन तापायची खोडच होती त्या गाडीला. बाबांची नजर रस्त्यावर, म्हणून तापमानाच्या मीटरवर आईची. काटा लाल पट्टीकडं सरकला की तिनं सांगायचं. पण मीटरमागचे बल्ब जुने, पिवळट. अंधार पडला की आई पुढं वाकून, डोळे बारीक करून बघत बसायची. तिला बाहेरचं काही दिसायचंच नाही. कुठूनही परत आलो की तिची मान दुखायची.

"तेवढे बल्ब बदलून घ्या की," ती एकदा म्हणाली. "मला काटा दिसत न्हाई."

"डोळे फुटलेत तुझे," बाबा म्हणाले. "बल्बाला काय धाड भरलीय?"

हे ते चिडून म्हणत नसत. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं, साध्या आवाजात, पाहुण्यांसमोरसुद्धा. त्यांनी आईवर कधी हात उचलला नाही. याचं त्यांना स्वतःलाच कौतुक होतं आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवत.

एकदा आम्ही नृसिंहवाडीहून परत येत होतो. दिवस मावळला होता. हातकणंगले मागं पडलं आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, पाणी ओतलं. सगळं शांतपणे केलं. मग आईच्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "उतर."

आईला वाटलं काहीतरी धरायला बोलावताहेत. ती उतरली. बाबांनी दार लावलं, फिरून आपल्या जागेवर आले आणि गाडी सुरू केली. दादा म्हणाला, "बाबा, आई राहिली."

"राहू दे. चालत येऊ दे. म्हंजे डोळे उघडतील."

मी मागच्या काचेतून बघत होते. ती ओरडली नाही की धावली नाही. उसाच्या कडेला पदर सावरत उभी राहिली आणि लहान लहान होत गेली. बाबांनी वाटेत आम्हाला भेळ घेऊन दिली. दादानं खाल्ली नाही, मी खाल्ली.

आई बाजारच्या बायकांनी भरलेल्या एका टेम्पोतून आली. पायांवर धूळ होती. तिनं हातपाय धुतले, भात टाकला आणि सगळ्यांना वाढलं. बाबांनी विचारलं, "कुणाबरोबर आलीस?" ती म्हणाली, "बायकांबरोबर." त्या दिवसाबद्दल आमच्या घरात यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही. तिनं पुढंही काटा बघायचं काम केलं. बल्ब कुणी बदलले नाहीत.

पुढं दादा पुण्याला नोकरीला गेला आणि पुण्याचाच झाला. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात लागले. बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्याकडं दरडावायला माणसंच उरली नाहीत. त्यांनी सगळं लक्ष गाडीत घातलं. मागच्या बोळात पत्र्याची शेड होती, तिथं सकाळपासून गाडी पुसत बसायचे. आणि एक दिवस त्यांनी मीटरच्या उजेडाची तक्रार सुरू केली.

"उजेडच पडत न्हाई. पैलं कसं लख्ख दिसायचं."

पैलं कधीच लख्ख दिसत नव्हतं, हे मला आणि आईला दोघींनाही माहीत होतं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "व्हय. मंदच झालेत."

बाबांनी बल्ब बदलले. मग बॅटरी बदलली, मग वायरी. मीटरच्या काचा काढून आतून पुसल्या. तरी मंदच. जेवताना, पेपर वाचताना, फोनवर दादाशी बोलताना, मीटरशिवाय दुसरा विषय नाही. आई प्रत्येक वेळी मान डोलवायची. इतकी वर्षं तिनं त्यांच्या कुठल्या बोलण्याला इतक्या चटकन होकार भरलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, म्हातारपणी दोघांचं जमायला लागलं.

दादानंच फोनवर एलईडी सुचवले. तेव्हा ते नवीन होते, गाड्यांच्या सामानाच्या एखाद्याच दुकानात मिळायचे. मी उद्यमनगरातल्या एका वायरमनला एका रविवारी दुपारी घरी बोलावलं. चाळिशीतला, गप्पिष्ट माणूस. त्यानं मीटरबोर्ड सोडवला, जुने बल्ब होल्डरमधून ओढून काढले आणि बोटाच्या पेराएवढे पांढरे एलईडी बसवले. दोन लागले, एक लागेना.

"उलटा बसलाय," तो म्हणाला. "ह्याला प्लस-मायनस बघून बसवावं लागतंय." त्यानं तो काढून, फिरवून बसवला. मग बाबांना म्हणाला, "या साहेब, बसा. बघा आता कसं दिवाळीगत दिसतंय."

बाबा स्टीअरिंगमागं बसले. मी शेडचं दार ओढून घेतलं, त्याबरोबर आत अंधार झाला. वायरमननं बटण ओढलं. तिन्ही मीटर असे पेटले की माझेच डोळे दिपले. काट्यावरचा उडालेला रंग दिसत होता, आकड्यांना गेलेले तडे दिसत होते.

बाबा समोर बघत होते.

"एवढाच?" ते म्हणाले. "मधला तेवढा लागलाय. कडेचे दोन्ही बंद हाईत."

वायरमनला वाटलं चेष्टा करताहेत. तो हसला. "तिन्ही लागल्यात की ओ साहेब."

"मला शिकवतोस? मी काय आंधळा हाय?"

त्याचं हसू गेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलणार तोवर दार किलकिलं झालं. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं मीटरकडं पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि म्हणाली, "न्हाईत लागलेले कडेचे. ह्यांचं बरोबर हाय. नीट बघा तुम्ही."

"अवो मावशी, असं कसं म्हंता? ह्यो बघा की उजेड!"

"मला डोळे हाईत," आई म्हणाली.

बाबा खूश झाले. "बघ! बाईमाणसाला कळतंय आणि तुला कळत न्हाई." त्यांनी त्या माणसाला दोनदा मीटरबोर्ड काढायला लावला. प्रत्येक वेळी तिन्ही दिवे लागायचे, प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे कडेचे बंद आहेत आणि प्रत्येक वेळी आई म्हणायची, व्हय. शेवटी वायरमननं हत्यारं पिशवीत भरली. चहाला हात न लावता निघाला. बोळाच्या तोंडाशी मी त्याला गाठलं, तर हळूच म्हणाला, "ताई, वडलांचे डोळे दाखवा. आणि आईंचं काय म्हणावं, ते मला कळंना."

मी स्वयंपाकघरात गेले. आई कपबश्या विसळत होती.

"आई, तुला तिन्ही दिवे दिसत होते."

"दिसत होते की."

"मग?"

"मग काय? त्यांना न्हाई दिसत."

"हे तुला कधीपासून माहितीय?"

तिनं कप पालथा घातला. "दोन वर्सं झाली असतील. ताटात डावीकडं वाढलेलं तसंच ऱ्हातंय. चटणी, लिंबू. दारातनं जाताना खांदा आपटतोय. पैल्यांदा कळलं तेव्हा मी सांगणारच हुतो. तोंडापर्यंत आलंतं." आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती पुरुषासारखं 'हुतो' म्हणायची. "तेवढ्यात त्यांनीच म्हणलं, मीटरचा बल्ब मंद झालाय. मग मी म्हणलं, असंल."

"अगं, उपचार झाले असते!"

"त्यांना कुणी सांगितलेलं चालतंय व्हय?"

आवाजात राग नव्हता, समाधानही नव्हतं. हात पुसून ती पीठ चाळायला बसली.

गाडीची किल्ली मी त्याच संध्याकाळी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगूनच न्यावं लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. यात नजर कडेनं मरत येते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येणार नाही. राहिलेली टिकवायची तर थेंब घालायचे, रोज, न चुकता.

"आधी कसं लक्षात आलं नाही घरात कुणाच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा माझ्या आधी म्हणाले, "घरात लक्ष द्यायला कोण हाय? एक बायको हाय, ती आंधळी."

आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली.

थेंब घालायचं काम तिच्याकडं येणार हे उघड होतं. ती बाटली घेऊन पहिल्याच रात्री त्यांच्यासमोर गेली. बाबांनी तिचा हात झटकला. "तुझ्या हातनं नको. नेम चुकायचा तुझा." मग ते स्वतः मान वर करून घालायचे. थेंब गालावर, कानात, सदऱ्यावर. मी घरी असेन तेव्हा मी घालायची, पण सकाळी कंपनीच्या बसनं जायची ती दिवे लागल्यावर यायची. आई दुपारी दारात उभी राहून त्यांचे थेंब गालावरून ओघळताना बघायची. एकदा मी म्हणाले, जबरदस्तीनं घाल. ती म्हणाली, "मी इचारलं. त्यांनी नको म्हणलं." ते खरंच होतं. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

गाडी विकली तेव्हा बाबांना मधलंही धूसर झालं होतं. घेणारा जुन्या गाड्यांचा हौशी होता, सांगलीकडचा. मीटर लावून बघितल्यावर म्हणाला, "हे पांढरे काढून टाकणार. हिला पिवळाच उजेड शोभतो." बाबा शेडच्या खांबाला धरून उभे होते. म्हणाले, "कडेचे दोन लागत न्हाईत, बघून घ्या. नंतर मला बोल लावायचा न्हाई." तो माणूस मीटरकडं बघत राहिला, मग बाबांकडं, आणि सभ्य होता म्हणून म्हणाला, "करून घेतो दुरुस्त."

पुढच्या वर्षात बाबांची नजर पूर्ण गेली. आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की आईच्या हातात बांगड्या नाहीत. दोन्ही हात मोकळे. नवरा जिवंत असताना बांगड्या उतरवल्या म्हणून शेजारणी दारात येऊन बोलल्या. आई म्हणाली, हाताला सूज येते. सूज कुठं नव्हती.

कारण मला घरातच दिसलं. ती बाबांशी बोलायची बंद झाली होती. जेवण वेळेवर, गरम, भाकरी कुस्करून, माशाचे काटे काढून. अंघोळीचं पाणी, धुतलेले कपडे, सगळं जागच्या जागी. पण तोंडातून शब्द नाही, पायाचा आवाज नाही, आणि आता हाताचाही नाही. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून हाका मारायचे. "अगं ए! कुठं हाईस?" ती त्यांच्यापासून दोन हातांवर भिंतीला टेकून बसलेली असायची. तांदूळ निवडत. ते मान इकडं तिकडं फिरवायचे. ती बघत राहायची आणि खडा सापडला की बाजूला टाकायची.

मी एकदा न राहवून ओरडले, "ओ तरी दे ना!"

"कशाला?" ती म्हणाली, मोठ्यानं, बाबांना ऐकू जाईल असं.

बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मला वाटलं आता काहीतरी मऊ बोलतील. माणूस म्हातारा होतो, आंधळा होतो, काहीतरी बदलत असेल.

"मला ठाऊक हाय तू तिथंच बसतीस," ते म्हणाले. "तुझ्या अंगाला फोडणीचा वास येतोय. बस. नुसतं बसायला तेवढं जमतंय तुला. आयुष्यभर दुसरं काय केलंस?"

आई हसली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, तोंडाला पदर न लावता. सूप उचलून ती उठली. संध्याकाळ झाली होती, खोलीत ट्यूब लावलेली होती. आत जाता जाता तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

बाबांनी खटका ऐकला. थोडा वेळ कान देऊन बसले.

"लावली का बंद केली तिनं?"

मला त्यांचा चेहराही दिसत नव्हता.

"लावली," मी म्हणाले.