तापीच्या पुलावर बंद पडलेली गाडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. हाताला पेट्रोलचा वास लागला की मला तापीचा पूल दिसतो. घरासाठी मोठी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा थोरला भाऊ पेट्रोलची घेऊ म्हणत होता, कारण डिझेलच्या वासानं वहिनीला मळमळायचं. ‘वहिनीचं नाक बघायचं की घर?’ असं मी त्याला हिणवलं. ट्रॅक्टरसाठी डिझेलचे कॅन घरात भरलेलेच असत, म्हणून माझ्या हट्टानं डिझेलची आली. वैशाखातल्या भर दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या. चोपड्याहून जळगाव गाठायचं होतं आणि टाकीत भावानं काल स्वस्तात मिळालं म्हणून भरलेलं थोडंच डिझेल होतं, म्हणून मी शेडमधला एक कॅन घाईघाईनं ओतला. पुलावर गाडी आचके देत बंद पडली. ‘काय जायं रे हिले?’ गाडीला काय झालं ते न कळून भाऊ पुन्हा पुन्हा सेल मारत होता. मागच्या सीटवर वहिनीनं माझं मनगट आवळलं, ‘भाऊजी, माले आठे, या पुलावर मरू देऊ नका.’ तेव्हाच माझ्या हाताचा वास मला आला. डिझेलच्या कॅनशेजारचा, फवारणी पंपाच्या पेट्रोलचा कॅन मी ओतला होता. तरी माझ्या तोंडातून निघालं, ‘काल तू भरलेलं डिझेलच भेसळीचं असेल.’ भावानं सेल मारणं थांबवून कपाळावर हात मारला. केळीच्या ट्रकवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोहोचवलं, पण उशीर झाला होता. वहिनी वाचली, बाळ नाही. आपणच स्वस्तातलं डिझेल भरलं म्हणून बाळ गेलं, असं भाऊ आजही मानतो. त्याची काही चूक नव्हती, हे त्याला आणि वहिनीला समोर बसून सांगणं मी अजून देणं लागतो.