मोरीकडचे दोन पाय
बायको जिथे कापडाच्या डिझाइनचं काम करायची ती कंपनी बंद झाली, तेव्हा तिथला नमुने विणायचा कॉम्प्युटरवाला माग तिने विकत घेतला. आम्ही केव्हाच जवळच्या इमारतीत राहायला गेलो होतो, भोईवाड्यातल्या चाळीतली आमची जुनी खोली रिकामीच होती. माग तिथे बसवला.

ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सोळा चौकटींत ओवलेले असतात. पायाने पट्टी दाबली की कुठल्या चौकटी उचलायच्या ते कॉम्प्युटर ठरवतो. आडवा धागा नेणारा धोटा मात्र हातानेच फेकायचा.

हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका दुकानदाराने रुईफुली काठाच्या स्टोलचा नमुना मागितला होता. तिचं स्वतःचं पहिलंच गिऱ्हाईक. शनिवारी दाखवायचा आणि शुक्रवारी सकाळी काठ बिघडला. मधलं कापड स्वच्छ, पण काठात पाच-सहा फुलांमागे एक लंगडं.

"शेठ उलटं करून बघतो," ती म्हणाली. "एक फूल चुकलं तरी ऑर्डर गेली."

मी रजा टाकली. काठाचे धागे शेवटच्या दोन चौकटींत होते. स्क्रीनवर दोन्हींच्या खुणा वेळेवर पेटत होत्या, म्हणजे डिझाइनची फाइल बरोबर. अडत होती ती पंधरावी. मग तिची वायर तिसरीला लावली, तिसरीची पंधरावीला. दोष वायरमध्ये असता तर तिसरीकडे गेला असता. शंभरदा पट्टी दाबली. तिसरी एकदाही चुकली नाही, पंधरावी चारदा जागची हलली नाही.

"वायर निर्दोष," मी म्हटलं.

"झाला निकाल? मग गुन्हेगार शोधा की, ऑडिटरसाहेब. कोर्ट इथे जवळच आहे."

वायरी परत जागच्या जागी लावल्या. चौकट उचलणारे आकडे पुसले, तेल घातलं. फरक शून्य. तेवढ्यात तिच्या हातातली सुताची कांडी पडली आणि मागाखालून सावकाश घरंगळत मोरीच्या कठड्याला जाऊन टेकली. ती उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली.

"अहो, इथे आपलं कपाट कसं ठेवलं होतं?"

"मोरीकडच्या पायांखाली ठोकळे..." मी म्हटलं आणि मोजायची टेप आणायला उठलो.

पाणी वाहून जावं म्हणून आमच्या खोलीची फरशी मोरीकडे उतरती आहे. पलंग, कपाट, फ्रिज, सगळ्यांना आम्ही ठोकळे लावले होते. मागाला कॉम्प्युटर होता म्हणून की काय, त्याच्या पायांकडे कोणी पाहिलंच नाही. टेपने सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले. अकरा मिलिमीटरचा फरक! सांगाडा कलल्यामुळे मागच्या चौकटी तिरक्या लटकत होत्या आणि आकडा कधी पकडायचा, कधी निसटायचा.

शेजारच्या दोघांनी माग उचलून धरला. "वहिनी, हत्ती पाळलात काय?" एकाने विचारलं. मी प्लायचे तुकडे सरकवले. फरक एक मिलिमीटरवर आला. पुन्हा शंभरदा पट्टी दाबली, एकही चूक नाही. तिने बिघडलेला भाग कापून टाकला आणि नमुना पहिल्यापासून विणला.

शनिवारी शेठने तो उलटा केला, काठावरून अंगठा फिरवला, उजेडात धरला.

"ताई, असे वीस द्या. दिवाळीच्या आधी जमेल?"

मी मनात गुणाकार सुरू केला. माझं उत्तर येण्याआधीच ती म्हणाली, "जमेल."

बाहेर सिग्नलपाशी आल्यावर तिने मला हळूच विचारलं, "जमेल ना हो?"

"आठवडाभर शिल्लक राहतोय."

"मग आणखी दोन विणते. एक सासूबाईंना, एक मला."