कावीळ नव्हती ती

"पोस्टपार्टम सायकोसिस," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागदावर मराठीत लिहूनही दाखवलं. बाळंतपणानंतर काही जणींना होणारा मनाचा गंभीर आजार. भास होतात, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटतात. "तुमची सून वेडी झालेली नाही, आजारी पडली आहे. आजच दाखल करा. बरी होईल. पण तोवर बाळाजवळ तिला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही."

नात एकोणीस दिवसांची होती, माझ्या मांडीवर झोपलेली. माझा मुलगा अमेय सह्या करत होता. आणि मी? बोळिंजला परतल्यावर आळीत काय सांगायचं, हा माझ्या मनातला पहिला विचार होता. आज लिहायला बसले आहे तर हेही लिहायला हवं.

प्रणाली, माझी सून, सफाळ्याची. बालवाडीत शिकवायची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच केलं. सातव्या दिवसापासून तिची झोप उडाली. दुपटी धुवायची, वाळली की पुन्हा धुवायची. अकराव्या दिवशी म्हणाली, ही आपली मुलगी नाही, दवाखान्यात बदलली. मी हसण्यावारी नेलं. मग मीठ-मोहरीने दृष्ट काढली. शेजारच्या गावातल्या एका बाबांकडून अंगारा आणला. त्यात आठवडा गेला. तुमच्या घरात असं काही झालं, तर हा आठवडा घालवू नका, म्हणून सांगते आहे.

अठराव्या दिवशी दुपारी ती खोलीत दिसेना. मागे वाडीत सोनचाफ्याला पाणी घालायचा हौद आहे. त्याच्या काठावर ती बाळाला घेऊन बसली होती, पाय पाण्यात. शांतपणे म्हणाली, "हिला नीट धुतलं की आपली खरी सापडेल."

मी म्हटलं, "दे, मी धुते." तिने दिली.

दुसऱ्या दिवशी तिची बाळंतपणाची डॉक्टर गाठली. तिने तिथूनच वसईला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

रक्त, थायरॉइड, डोक्याचा सीटी स्कॅन. दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. मग अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि भ्रम कमी करणारी औषधं. अंगावरचं दूध बंद केलं. सकाळी बाटल्या उकळायच्या, बाळ माझ्या नणंदेकडे सोपवायचं, डबा घेऊन वसई गाठायची, संध्याकाळी परत. साठीला आलेले माझे गुडघे त्या सोळा दिवसांत जे दुखायला लागले ते अजून थांबलेले नाहीत.

बाहेरच्या बाकावर कोणी कोणाशी बोलायचं नाही. एकदा आमच्याच आळीतले एक गृहस्थ समोर येऊन बसले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. दोघांनीही ओळख दिली नाही.

दाखल केल्यापासून बाराव्या दिवशी प्रणालीने विचारलं, "आई, तिचं वजन किती झालं?" 'तिचं' म्हणाली. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले.

आळीत मी सांगितलं, प्रणालीला कावीळ झालीय. लोक चांगले, त्यांनी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा पाला, कोणी झाडपाल्याचं औषध. घरी आलेली सून ते सगळं मुकाट्याने घ्यायची, झाडपाल्याचं तेवढं मागे ओतायची. पुढे वर्षभर लग्नाकार्यात कोणी तिला तळलेलं वाढलं नाही. आतून ती भलत्याच गोष्टीशी झगडत होती. हौदाजवळचं तिला आठवत होतं. मुलीला घ्यायची, लगेच परत द्यायची. डॉक्टर म्हणाल्या, आजार उतरला तरी भीती सावकाश उतरते. वर्षाने गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या.

आमच्यापासून तिसरं घर सुनंदाचं. प्रणाली घरी आल्यावर आठेक महिन्यांनी सुनंदाची लेक रेश्मा माहेरी बाळंत झाली. एका सकाळी सुनंदा कुंपणाशी आली. म्हणाली, "वहिनी, रेश्माला झोपच नाही हो. काहीतरी बडबडते."

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. मी म्हटलं, "होतं बाळंतपणात. डॉक्टरांना दाखव." कोणत्या डॉक्टरांना, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला कसं माहीत, हे विचारलं असतं. मी दूध उतू जाईल म्हणून आत आले. गॅसवर दूध नव्हतं.

रेश्माला त्यांनी दोन महिने इकडेतिकडे फिरवलं. बाबा झाले, देवऋषी झाला. शेवटी सासरचे येऊन लेकराला नालासोपाऱ्याला घेऊन गेले आणि तिला माहेरीच ठेवलं. पुढे कधीतरी तिचे उपचार सुरू झाले.

यंदा महिला मंडळाने मानसिक आरोग्याची सभा ठेवली. सभागृहात फलक लागला, आरोग्य खात्याच्या आशाताईंनी घरोघर बोलावणी केली. माझ्याकडे चहा होता. सकाळी तयार होताना प्रणाली म्हणाली, "आई, मी आज बोलणार आहे."

"नको गं. झालं ते झालं."

"तुम्ही कावीळ सांगितलीत. दोन वर्षं मी ती निभावली. आता दमले." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

चाळीसेक माणसं होती. डॉक्टर चांगलं बोलले. प्रश्न विचारा म्हणाले तर एका आजोबांनी कंबरदुखीचं विचारलं. मग प्रणालीने माईक घेतला. आजाराचं नाव सांगितलं, हौद सांगितला, औषधं सांगितली. पाच मिनिटंसुद्धा बोलली नसेल. "माझ्या सासूबाईंनी माझी मुलगी माझ्या हातातून घेतली म्हणून आज आम्ही दोघी आहोत," म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. मी दारात चहाचा ट्रे धरून उभी.

सुनंदा उठली. प्रणालीकडे न जाता ती माझ्याकडे आली.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी कुंपणाशी आले तेव्हापण?"

"हो."

तिने ट्रेमधला कप उचलला, परत ठेवला आणि निघून गेली. आत कोणीतरी आभार मानायला सुरुवात केली.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी तिच्याकडे गेले. शिव्या खायची तयारी होती. तिने दिल्या नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. रेश्मा भाजी निवडत होती. आता बरी होती, गोळ्या वेळेवर घेत होती. फक्त लेकराला भेटून वर्ष झालं होतं. मी सासरचा पत्ता मागितला.

पहिल्या खेपेला नालासोपाऱ्यात त्यांनी मला दारातूनच परतवून लावलं. दुसऱ्या खेपेला मी प्रणालीला आणि नातीला बरोबर नेलं. रेश्माची सासू माझ्याच वयाची, माझ्यासारखीच भिंतीला धरून उठणारी. पोर तिच्या पायाशी खेळत होतं. आमची नात प्रणालीच्या मांडीवर बिस्कीट खात होती. ती बाई बराच वेळ ते बघत राहिली. मग मला आत नेऊन हळूच विचारलं, "तुम्ही पोरीला हिच्याजवळ सोडता?"

"सोडते. पहिले पाच महिने मी शेजारी बसायचे. आता बसत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटायची. डॉक्टरांना विचारत गेले, तशी कमी झाली. तुम्हीही चला एकदा, तुम्हीच विचारा."

ती आली. आमच्याबरोबर वसईला त्याच बाकावर बसली आणि डॉक्टरबाईंना तिने उलटसुलट वीस प्रश्न विचारले. त्यानंतर रविवारी नातवाला घेऊन बोळिंजला यायला लागली.

सुनंदा माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. बोलावं असं मी म्हणणारही नाही. आजाराने आमच्या घराचं नुकसान केलं ते औषधांनी भरून निघालं. माझ्या गप्प बसण्याने तिच्या घराचं केलं, त्याला गोळी नाही. प्रणालीचे आभार मानायचे राहून गेले होते. ते मी एकदा स्वयंपाकघरात मानले. ती म्हणाली, "आई, कुकर बंद करा."

गेल्या रविवारी रेश्माची सासू नेहमीसारखी सुनंदाच्या ओटीवर बसली होती, नजर आतल्या खोलीवर. मीही होते, सुनंदाही होती. थोड्या वेळाने ती उठली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "बाजारात केळफूल मिळेल का, बघून येते."

एकटीच गेली. अर्ध्या तासाने आली. तेवढा वेळ लेकरू आत रेश्माजवळ होतं, आणि बाहेर बसलेल्या आम्हा दोघींपैकी कोणीही डोकावून पाहिलं नाही.