इतवाराच्या मांगून येते थो

अंजनाबाईचा आपल्या नवऱ्यावर अडतीस वर्षांपासून वहीम होता. लग्नाच्या वर्षी चंद्रपूरच्या नर्सिंगच्या शाळेतून तिला बोलावण्याचं पत्र यायचं होतं, ते मिळालंच नाही. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या चामोर्शीच्या शकूला मिळालं, मग हिचंच कुठं जाणार? आलं होतं आणि ह्यानंच गडप केलं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तसा सावलीजवळच्या त्या गावात सोमाजीइतका गरीब स्वभावाचा माणूस शोधून सापडला नसता. पण वहिमाला त्याचं काय? सोमाजीनं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतून लुगडं आणलं, की ही पुटपुटायची, "मन खाते वाटते ह्याले." तिला टायफाइड झाला तेव्हा त्यानं महिनाभर भात रांधला. हिनं खाटेवरून पाहत विचार केला, एवढं करतो म्हणजे काहीतरी केलेलंच असणार. त्याच्या लोखंडी पेटीवर तर तिचा कायमचा डोळा. शेवटी वैतागून त्यानंच किल्ली पुढ्यात टाकली. तिनं पेटी उपसली, त्यातून सातबारा आणि एक जुनं धोतर निघालं. तेव्हा तर तिची खात्रीच पटली. आधी पत्र हलवलं, मग किल्ली दिली!

मनातल्या मनात बाई नर्स झालेलीच होती. शकूची बदली अहेरीला झाली, की हीसुद्धा बांधीत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावता लावता अहेरीला जाऊन यायची. पांढरं पातळ, पायात बूट, मागून "सिस्टर, सिस्टर" अशा हाका. चिखलातून पाय उपसला की सारं संपायचं, आणि त्या दिवशी सोमाजीच्या ताटात भाजी जरा आपटूनच पडायची.

तरी स्वभाव हसरा. मंडईला पाहुणे जमले, की तिचा एक किस्सा ठरलेला. नवी नवरी असताना ती घरी एकटी होती. सायकलवर एक अनोळखी माणूस आला, खांद्याला पिशवी. मलेरियावाला असेल. त्यानं विचारलं, "मालक कोण घरचे?" आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? ती पदराआडून म्हणाली, "इतवाराच्या मांगून येते थो."

"अच्छा, सोमवार!" माणूस म्हणाला. हिनं खुशीनं मान हलवली, आणि तो सायकल वळवून निघून गेला.

"कसा हुशार, एका झटक्यात वळखलन!" असं म्हणून सगळ्यांच्या आधी तीच हसायची.

यंदा उन्हाळ्यात शकुबाई भेटायला आली. ती आता निवृत्त झालेली. नर्सिंगच्या शाळेतली जुनी कपाटं रद्दीत निघाली, तेव्हा तिथे तिला एक बंद लिफाफा सापडला होता.

"तुह्यं नाव दिसलं, अंजने, खाली पत्ता सोमाजीभाऊच्या नावचा. वापस गेलेला हाय."

अंजनाबाईनं लिफाफा हिसकावूनच घेतला. "पाह्य! आलं होतं का नाई? मी म्हनतच होती!" ओसरीवर खाली मान घालून सुपारी कातरणाऱ्या सोमाजीकडे तिनं असं पाहिलं, की शकुबाईच घाबरली.

मग अंजनाबाईनं लिफाफा उलटा केला. मागे लाल शाईत लिहिलं होतं:

"मालक गावी नाही. रविवारनंतर येणार, असे पत्नी म्हणते. सोमवारी गेलो, घर बंद. परत. बदली पोस्टमन."

त्या सोमवारी सारं घर धानाच्या रोवण्यावर गेलं होतं.

तिनं पुन्हा वाचलं. हुकलेल्या नोकरीचं दुःख होईल असं तिला वाटलं होतं, पण आधी लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. ह्या माणसानं रांधलेल्या भाताच्या प्रत्येक घासावर तिनं शंका घेतली होती. त्याला कळलं तरी असेल का, आपल्यावर खटला कशाचा चालू आहे?

"काय लिवलं हाय?" मान वर न करता सोमाजीनं विचारलं.

उत्तर द्यायला तिच्याजवळ एकच शब्द होता. त्या दिवशी दारात म्हणायचा राहिलेला, आणि पुढंही अडतीस वर्षं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली,

"सोमाजी."

अडकित्ता थांबला. सोमाजीनं फाटकाकडे पाहिलं.

"पाह्य वो," तो म्हणाला, "कोन आवाज देऊन राह्यलं मले?"