रविवारी मरणारी मोटार

झुलाल मिस्त्री आधी दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनात बॉयलर सांभाळायचा. सदतीस साली जिनाच्या मालकांनी, तोताराम शेटनी, धुळ्याच्या एका वकिलाची नऊ वर्षं वापरलेली मोटार घेतली आणि तिच्या पोटात हात घालायची छाती गावात एकट्या झुलालला झाली. तेव्हापासून त्याचा थाट काय विचारता! खाकी टोपी, मिशीला पीळ, आणि चालणं असं की मोटार जणू ह्यानंच जन्माला घातली. बॉयलरच्या धगीत वीस वर्षं भाजून निघालेल्या माणसाला सुख लागलं होतं, म्हणून मिरवत होता बिचारा.

पण दसऱ्यानंतर मोटारीला खोड लागली. दिवसभर ठणठणीत पळायची. पण रात्रभर उभी राहिली की रविवारी सकाळी सेल्फचं, म्हणजे इंजिन चालू करायचं, बटण पायानं कितीही दाबा, हूं की चूं नाही. बॅटरी ठार! मग झुलाल बॅटरी उपसायचा, बैलगाडीत घालून जिनात न्यायचा आणि तिथल्या डायनामोवर भरून आणायचा. आठवडा बरा जायचा, की पुन्हा तेच. लोकांना काय, आयतं निमित्त. "मिस्त्री, बैलांलेच पेट्रोल पाजा ना आते!" असं पानाच्या ठेल्यावरून कोणीतरी ओरडायचंच.

झुलालनं नवी बॅटरी घालून पाहिली, तीही मेली. मोटारीचा डायनामो उघडला, तो बिचारा निर्दोष. हॉर्नची तार उंदरानं कुरतडलेली सापडली तेव्हा त्यानं गावभर पेढे वाटले, आणि पुढच्या रविवारी मोटार पुन्हा आडवी. रविवारीच का, हे त्याला काही उमगेना. भागाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, मात्र सगळं उमगलं होतं. "नजर लागनी शे तुमले," ती म्हणायची. "गावना डोया चांगला नहीत."

"मोटारले कसानी नजर वं! तुले काय कळस?" म्हणून झुलाल भाकरीवर ठेचा ओढून घ्यायचा.

असं करता करता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात दिवाळी एक वेळ चुकेल, पण आखाजीला लेकीनं माहेरी यायचं चुकत नाही. झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि मुऱ्हाळी जाऊन लेकीला घेऊन येतात. तोताराम शेटची एकुलती सुंदरबाई धुळ्याला दिली होती. पहिलीच आखाजी. लेकीला मोटारीतून नेईन, असं शेट व्याह्यांपुढे बोलून बसले होते.

"झुलाल," शेट म्हणाले, "रविवारी दुपारपर्यंत गाडी निघाली पाहिजे. नाही निघाली तर ती जाईल मोडीत, आणि तू जाशील बॉयलरवर."

बॉयलर! पुन्हा ती धग!

रविवारी सकाळी पाहतो तर मोटार नेमानं मेलेली. त्यानं जिनातून भरलेली बॅटरी आणून बसवली, आणि मग त्याच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. बॅटरी मरते म्हणजे वीज कुठून तरी गळते. माठ झिरपत असेल तर आधी ओल शोधायची, माठ बदलत बसायचं नाही! त्यानं बॅटरीतून मोटारीच्या सांगाड्याला जाणारी तार सोडवली आणि मधे छोटा बल्ब जोडला. दिवे बंद, हॉर्न बंद, सगळं बंद. आता बल्ब पेटला तर चोर घरातच आहे.

पण चैत्र-वैशाखाच्या त्या उन्हात बल्ब पेटला की विझला हे दिसणार कसं? झुलालनं घोंगडी मागवली, डोक्यावरून घेतली आणि मोटारीत उकिडवा बसला. घोंगडीच्या आत भट्टी! पण त्या अंधारात बल्बची तार लाल दिसत होती, काजव्याएवढी.

"पेटना रे! पेटना!" घोंगडीतून आरोळी आली.

बाहेर ही गर्दी जमली. मिस्त्री अंडी उबवतो आहे, अशी बातमी जिनापर्यंत गेली होती. त्यानं दिव्यांची तार सोडवली, पुन्हा घोंगडीत. लाल. हॉर्नची सोडवली. लाल. डायनामोची सोडवली. लालच! घामानं निथळत तो दर वेळी बाहेर यायचा, आणि गर्दी एका सुरात विचारायची, "काय मिस्त्री, पिल्लू निंघनं का?" शेट ओट्यावर बसून घड्याळ पाहत होते.

उरली एकच तार, सेल्फकडे जाणारी अंगठ्याएवढी जाड. तिच्यावर कोण संशय घेणार? घरातल्या थोरल्या भावासारखी ती. झुलालनं तीही सोडवली आणि घोंगडी ओढली.

आत अंधारगुडूप. बल्ब विझला होता.

तो मोटारीखाली सरपटला. बटणाच्या बरोबर खाली, सेल्फच्या बोल्टाला तेला-मातीचा एक काळा गोळा चिकटला होता. हा गोळा त्यानं सहा महिने पाहिला होता आणि सहा महिने चिखल समजला होता. नखानं खरवडला तर आत फडकं. फडक्यात ओलं मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या. सगळं तांब्याच्या तारेनं बोल्टाला आवळलेलं आणि खालच्या लोखंडाला टेकलेलं. ओल्या मिठातून वीज थेंब थेंब झिरपत होती. तार त्याच्याच पेटीतली होती.

उताणा पडल्या पडल्या त्याला दसरा आठवला. मोटारीची पूजा झाली तेव्हा बटणावर बोट ठेवून तो ऐटीत म्हणाला होता, "आठे, ह्या बटनवर पाय ठेवा का गाडीमा जीव येस!" भागाबाई मागेच उभी होती. जीव जिथे, राखण तिथे. आणि दर शनिवारी ती मोटारीच्या शेडमध्ये भाकर घेऊन यायची, तो हात धुवायला जायचा. तेवढ्यात नवं मीठ, वर गोमूत्राचा शिंतोडा. ओल असेतो एका रात्रीत बॅटरी संपायची, मीठ वाळलं की गळती बंद. गाडी मेली की म्हणायची, नजर कडक शे, आणि पुढच्या शनिवारी मूठभर मीठ जास्त!

आधी त्याला असा राग आला की उठताना कपाळ लोखंडावर आदळलं. मोटारीच्या कडेखालून त्याला तिची पावलं दिसली, भेगाळलेली, धुळीनं भरलेली. ती वाकून कुजबुजली, "ती पुरचुंडी काढू नका ना. मोटारकरता नही बांधी मी. तुमनाकरता बांधी. तुम्ही बॉयलरमा परत जावाले नको म्हनीसन."

झुलालला हसू फुटलं. मोटारीखाली तो एवढा हसला, एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"काय सापडलं रे?" शेट ओट्यावरून ओरडले. गर्दी कान टवकारून उभी.

पुरचुंडी खिशात घालून झुलाल बाहेर आला. खरं सांगितलं असतं तर त्याची अक्कल गावानं वाखाणली असती, आणि भागाबाईवर अख्खं दोंडाईचा जन्मभर हसलं असतं.

"उंदीर, शेट," तो म्हणाला. "घर करेल व्हतं भाडखाऊनी."

तारा जोडल्या, बटणावर पाय दिला, आणि मोटार अशी गरजली की पुढची पोरं धोतरात पाय अडकून पडली. शेट खूश! म्हणाले, सुंदरबाईच्या सोबतीला बाईमाणूस हवंच, भागाबाई, तूच जा मुऱ्हाळीण म्हणून.

धुळ्याच्या रस्त्यावर भागाबाई दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. पदर फडफडत होता, लिंबाची झाडं मागे पळत होती, आणि ती लहान पोरीसारखी खिदळत होती. मधेच तिला आठवण झाली. "पुरचुंडी कोठे शे?"

"मना खिशामा. ज्यानी नजर काढनी शे, त्यानाच आंगवर पाह्यजे ना ती? आते दर शनवारी आठेच बांध."

तिला ते पटलं. पदर सावरून ती ऐटीत म्हणाली, "दखा, शेवट मना मीठवरच चालनी ना गाडी?"

"चालनी, माय, चालनी," झुलाल म्हणाला आणि जोरात हॉर्न वाजवला.