कावळ्याची स्की

हॉलिस रौतिओला थंडीचा त्रास नव्हता, गुडघ्याचा थोडा होता, आणि टौनो कोरहोनेनचा फार होता. टौनो बारा मैलांवर राहायचा आणि गेल्या अकरा वर्षांत त्याने हॉलिसचं काहीएक वाईट केलं नव्हतं. त्रास तोच होता.

हॉलिस खाणीच्या टेकडीवर कामाला होता. तांब्याची खाण बंद पडल्यावर मागे उरलेल्या दगडमातीचा तो ढीग. त्यावर गवत आलं, गवतावर बर्फ पडला आणि पुढे कुणीतरी माणसांना वर ओढून नेणारा दोर बसवला. दोर हातात घट्ट धरायचा, तो तुम्हाला वर नेतो आणि मोबदल्यात हातमोज्याचं कातडं खातो. हॉलिस हा दोर चालवायचा, पोरांच्या स्की दुरुस्त करायचा आणि उतारावरचं पार्क राखायचा. पार्क म्हणजे बर्फात रोवलेले लोखंडी नळ, खाणीतले जुने रूळ आणि फावड्याने थापून केलेले उड्यांचे उंचवटे. पोरं नळावर चढून आडवी घसरत जायची आणि बऱ्याचदा पाठमोरी उतरायची. म्हणून पार्कच्या स्कीची दोन्ही टोकं सारखीच वर वळलेली असतात. तिला पुढचं मागचं नसतं.

अशी स्की त्या भागात पहिल्यांदा दोघांनी बनवली, हॉलिसने आणि टौनोने. टौनोच्या आजोबांच्या गाईंच्या गोठ्यात. दाब द्यायचं यंत्र त्यांनी अग्निशामक दलाने टाकून दिलेल्या पाण्याच्या पाइपात हवा भरून बनवलं होतं. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून आतला गाभा करायचा आणि तो पायाखाली जाड, टोकांकडे पातळ असा रंध्याने उतरवत न्यायचा. किती उतरवायचा, कुठे थांबायचं, ही मापं हॉलिसची. दोन हिवाळे तो गाभे वाकवून, मोडून, पुन्हा तासून बघत होता. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी विकलेल्या जोड्या एकामागून एक उकलत परत आल्या. गोठ्यातल्या थंडीत गोंद पक्का होतच नव्हता. हॉलिस म्हणाला, गोठ्यात जन्मलेली स्की गोठ्यातच मरणार. तो निघून गेला आणि त्याने टेकडीवरची पगाराची, विम्याची नोकरी धरली. टौनोही चार दिवसांत कंटाळून बाहेर पडेल, अशी त्याची खात्री होती.

टौनोने गोठ्यात एक लोखंडी स्टोव्ह आणून बसवला. बस, एवढंच.

त्या स्टोव्हचा विचार हॉलिसने अकरा वर्षं केला होता. आता टौनोच्या स्कीवर कावळ्याचं चित्र असायचं. पोरांच्या टोप्यांवर तोच कावळा, गाड्यांच्या काचांवर तोच कावळा. दूरदूरच्या डोंगरांवरून लोक त्या गोठ्याला पत्रं पाठवत. शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना हॉलिसला टौनोच्या सौनाबाहेर, त्या लाकडी बाष्पस्नानाच्या खोलीबाहेर, बुटांचे चार-पाच जोड ओळीने दिसत. एके काळी तिथे दोनच जोड असायचे. तो गाडीचा वेग कमी करायचा, बूट मोजायचा आणि मग स्वतःवरच चिडून वेग वाढवायचा.

त्या जानेवारीत टेकडीच्या क्लबने पोरांसाठी वीस जोड्या घ्यायचं ठरवलं. मोठ्या कारखान्यांच्या नकोत, आपल्या भागातल्या कुणाच्या तरी हातच्या घ्याव्यात, असं सभेत ठरलं. चाळणी लावून शेवटी दोन नावं उरली. एक टौनो. दुसरी मार्सेलीन द्युफूर. ती सरोवराच्या पलीकडे बापाच्या होड्यांच्या शेडमध्ये स्की बनवायची. निवड हॉलिसवर सोपवली गेली. कॅन्टीन चालवणाऱ्या आणि क्लबही चालवणाऱ्या वीनो सालमेलाबाईंनी त्याच्यासमोर गरम पॅस्टीची, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीची, बशी सरकवली आणि म्हणाल्या, "तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं? टौनोला कळतं. पण तो स्वतःचीच घेईल."

"मग मीही माझीच घेतली असती," हॉलिस म्हणाला.

"तुझी आहे कुठे, बाळा?"

बाई हे वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडून सगळंच असं निघायचं. पण त्या दिवशी ती पॅस्टी त्याने बशीत तशीच सोडली.

दोन्ही जोड्या आल्या. त्या भागात स्की हातात आली की कुणीही आधी जे करतो तेच हॉलिसने केलं. टोक जमिनीला टेकवून मधोमध तळहाताने दाब दिला. मार्सेलीनची चांगली वाकली, जरा घाई करत. टौनोची वाकताना जणू विचार करत होती, आणि जिथे हॉलिसच्या हाताला वाटलं की आता थांबावं, तिथेच ती थांबली. त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि हात पुसले.

उतारावर पहिल्याच फेरीत त्याच्या पायांना कळून चुकलं. पायांना खोटं बोलता येत नाही, ते काम डोक्याकडे असतं. पुढचे दोन आठवडे त्याचं डोकं त्या स्कीत खोट शोधत होतं. कावळ्याची चोच वाकडी आहे. वरचा थर लवकर ओरखडतो. जरा जडच वाटते. घरी जेवताना तो बायकोला, जोएलला, हे सगळं ऐकवायचा. एका रात्री तिने काटा खाली ठेवला आणि नाक वर करून हुंगलं. "जळका वास येतोय, हॉलिस. आणि गॅसवर तर काहीच नाही."

शेवटी त्याला एक शंका सापडली आणि ती त्याने धरून ठेवली. नळावर आपटून आपटून पार्कच्या स्कीची पायाखालची पोलादी कडा तडकते. एकदा कडा गेली की स्की गेली. पोरं तर नळावरच राहतात. टौनोची कडा टिकणार नाही, असं त्याने सभेत सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं, नुसतं हवं होतं. बाई म्हणाल्या, "मग बघ तपासून. दोन्ही आपट. आम्हाला सांग."

म्हणून तो रोज सकाळी टेकडी उघडण्याआधी यायचा आणि उतारावरच्या मधोमध वाकलेल्या नळावर स्वतः उडी घ्यायचा. एक दिवस मार्सेलीनची जोडी, एक दिवस टौनोची. नळाच्या त्या वाकणाशी स्की दाणकन आपटायची आणि हॉलिसच्या गुडघ्यात एक म्हातारा जागा व्हायचा. प्रत्येक आपट तो लाकडाच्या फळीवर खडूने मांडायचा. कॅन्टीनच्या खिडकीतून बाईंना बर्फात एकट्याच उड्या मारणारा एक्केचाळीस वर्षांचा माणूस दिसायचा, आणि त्या कॉफी टाकायच्या.

मार्सेलीनची कडा त्रेसष्टाव्या आपटीला तडकली. वाईट नव्हतं ते. पोरांना एक मोसम पुरला असता. तेव्हा टौनोच्या जोडीची साठ झाली होती. मग सत्तर. मग ऐंशी. शंभरीलाही काही झालं नाही. इथे थांबायला हरकत नव्हती, उत्तर मिळालं होतं. पण हॉलिसला उत्तर नको होतं, त्याला एक वाक्य हवं होतं: दोन्ही मोडल्या. हे वाक्य खरं असलं पाहिजे, एवढाच त्याचा प्रामाणिकपणा उरला होता. दोन्ही मोडल्या म्हटलं की दोन्ही सारख्या. मग रंग बघायचे, आणि मार्सेलीनचे रंग पोरांना आवडले होते.

एकशे बेचाळिसाव्या आपटीला टौनोची डावी स्की पायाखाली कडाडली. हॉलिस नळावरून कुशीवर पडला आणि बर्फात तसाच पडून राहिला. बरगडीत कळ होती आणि चेहऱ्यावर हसू. नंतर ते हसू आठवलं की त्याची मान खाली जायची.

कडा कुठवर तडकली ते पाहायला त्याने दुरुस्तीच्या खोलीत स्की करवतीखाली धरून कापली. आतला गाभा उघडा पडला: पायाखाली ॲशचं कठीण लाकूड, टोकांकडे ॲस्पनचं हलकं. लाकडावर पेन्सिलने काही लिहिलेलं होतं. स्की बनवणारे असं लिहितात. वर थर चढले की ते मोडेपर्यंत कुणालाच दिसत नाही. तारीख होती, लाकडाचा प्रकार होता, आणि खाली एक ओळ: हॉलिसची मापं. बदलू नये.

अक्षर टौनोचं नव्हतं. टौनोचं अक्षर मोडलेल्या कुंपणासारखं, ते हॉलिस अंधारातही ओळखेल. हे अक्षर गोल, निवांत, कुणातरी तरुण माणसाचं होतं. कधी न भेटलेलं कुणीतरी त्या गरम गोठ्यात बसून, तोंडाने काही गुणगुणत असेल कदाचित, त्याचं नाव लिहीत होतं. एकदा नाही, बहुधा प्रत्येक जोडीत. हॉलिसला वाटलं होतं की मत्सर म्हणजे काय ते आपल्याला पुरतं ठाऊक आहे. पण हा वेगळाच होता. त्या गोठ्यात आपलं नाव राहत होतं, उबेत, माणसांत, आणि आपण बाहेर रस्त्यावर गाडी हळू करून बूट मोजत होतो. त्याला स्वतःच्या नावाचा हेवा वाटला.

शनिवारी तो तुकडा घेऊन तो गोठ्यावर गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. गाईंचा वास अजूनही गेला नव्हता, गोंदाच्या वासाखाली दबून बसला होता. स्टोव्ह कोपऱ्यात होता. अगदी साधा, एका पायाखाली वीट दिलेला. हॉलिस त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

टौनोने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "किती?"

"एकशे बेचाळीस."

"त्या वाकड्या नळावर?"

"हो."

"शंभरच्या आत जाईल असं वाटलं होतं मला." टौनोने अंगठा कडेवरून फिरवला. "तू चिडलेला असलास की काम मस्त करतोस लेका. पहिल्यापासून."

रंध्याच्या यंत्रापाशी काम करणारी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, ऊना, आवाजासाठी कानावर घातलेले मफ काढून जवळ आली. तिने तुकड्यावरची ओळ पाहिली, मग पाहुण्याकडे. "तुम्ही हॉलिस? अय्या, मला वाटलं होतं तुम्ही वारलात."

"मी असं कधी म्हटलं?" टौनो म्हणाला.

"म्हटलं नाहीत. पण तुम्ही सारखं हॉलिस असा करायचा, हॉलिस तसा करायचा, असंच बोलता. आम्ही काय समजायचं?"

टौनो हसता हसता खोकला. हॉलिसही हसला, कारण हसणंच भाग होतं. भिंतीवर खिळ्याला प्लायवूडचा तो जुना साचा टांगलेला होता, त्याच्या हातचे आकडे अजून त्यावर. मुलीने विचारलं, टोकाकडे दोन दशांश मिलिमीटर जास्त ठेवलंत ते का? त्याने सांगितलं. तिने मान हलवली आणि मफ पुन्हा कानावर चढवले. टौनोने कॉफी दिली. सरोवर यंदा उशिरा गोठलं, हरणं रस्त्यावर येतात, असं काहीबाही बोलणं झालं. बाहेर सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. हॉलिसने कॉफी सावकाश संपवली, संपल्यावरही कप हातात धरून ठेवला. ये ना सौनात, असं टौनो म्हणाला नाही. तो रागावलेला नव्हता. त्याच्या मनातच आलं नसेल. गाडीत बसताना हॉलिसला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. रागाला निदान दार असतं.

रविवारी कॅन्टीनमध्ये सभा भरली. सहा माणसं, एक मोठं पानुकाक्कू, म्हणजे भट्टीत भाजलेलं अंड्या-दुधाचं जाड धिरडं, आणि बाईंसमोर वही.

"तर?" बाई म्हणाल्या.

"दोन्ही मोडल्या," हॉलिस म्हणाला.

वाक्य खरं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं. कुणीतरी म्हणालं, मग रंग चांगले त्याच घेऊ, पोरांना तेच हवंय. दोघांनी माना डोलावल्या. बाईंचं पेन 'द्यु'पर्यंत आलं. बाहेर दोर रिकामाच फिरत होता, त्याची चाकं कुरकुरत होती. त्या चाकांना तेल द्यायला हवं हे हॉलिसच्या मनात आलं. मग ते गोल अक्षर आलं. आपण इथे गप्प बसलो तर पोरांच्या पायांखाली ते अक्षर कधीच येणार नव्हतं. आणि आलं तरी कुणाला दिसणार नव्हतं. दोन्हीचा त्रास त्याला सारखाच झाला.

"थांबा," तो म्हणाला. "मार्सेलीनची त्रेसष्टला मोडली. टौनोची एकशे बेचाळीसला."

पेन थांबलं. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"पोटात दुखत होतं," हॉलिस म्हणाला.

"अजून दुखतंय?"

"हो."

बाईंनी 'द्यु' खोडलं. पानुकाक्कूचा कोपऱ्याचा, करपलेला, सगळ्यांना हवासा तुकडा त्यांनी त्याच्या बशीत टाकला आणि पुढचा विषय घेतला: शौचालयाचा गोठलेला नळ.

वीस जोड्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आल्या, सगळ्यांवर कावळे. नव्या स्कीची कडा धारदार असते आणि नळावर अडकते. म्हणून पायाखालची धार कानशीने मोडावी लागते. प्रत्येक पोर आपापली मोडतं, तीच रीत आहे. हॉलिसने पोरांना हात लावू दिला नाही. दुरुस्तीच्या खोलीचं दार लावून घेतलं, पहिली स्की शिकंज्यात धरली आणि कानस उचलली. चाळीस स्की, प्रत्येकीला दोन कडा. पोलादाचा कीस त्याच्या गुडघ्यांवर पडत राहिला. चौथ्या जोडीपाशी त्याच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतोय, आणि तो गप्प झाला.